पडत्या भावाचा कन्सोल

कोटेशनरावांनी आयुष्यात एकदाच एक वस्तू हौसेने घ्यायचं ठरवलं, आणि तीही तिचा भाव पडायला लागल्यावर.

कोटेशनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात ते कामाला होते. कापसाच्या बोळ्यापासून एक्स-रेच्या यंत्रापर्यंत काहीही घ्यायचं झालं की तीन दुकानांचे दर मागवायचे, तिघांनाही एकमेकांचा धाक दाखवायचा आणि जो सगळ्यात आधी रडकुंडीला येईल त्याच्याकडून माल घ्यायचा, हे काम ते वर्षानुवर्षं मनापासून करत होते. सवय घरापर्यंत आली. साधा झाडू आणायचा झाला तरी तीन ठिकाणी विचारल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडे जात नसे, आणि तोवर जुन्या झाडूचा नुसता दांडा उरलेला असे. अशाच एका दांड्याकडे बघत सासूबाईंनी त्यांना हे नाव दिलं. तोंडावर दिलं. ते इतकं फिट्ट बसलं की बायकोही रागावली की 'अहो'वरून थेट 'कोटेशनराव'वर यायची.

तर या माणसाच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस खुपत होती. रात्रीची जेवणं झाली की घरातली माणसं चार दिशांना पांगायची. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात डोळे तपासायच्या कामाला होती. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय? आणि आता?' विचारून दमलेली, ती मोबाईल घेऊन आडवी व्हायची. नववीतली मुलगी आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांच्या खोलीत त्यांचा स्वतःचा टीव्ही होता आणि त्याच्याशी त्यांचं छान जमायचं. हॉलमध्ये उरायचे कोटेशनराव आणि चार जणांचा सोफा. (सोफा तीन दुकानं हिंडून घेतलेला, त्यामुळे तोही तसा बसायला फार सुखाचा नव्हता.) सगळ्यांनी एका खोलीत बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. बसून भांडले तरी त्यांची हरकत नव्हती.

अशात चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक पाटी लागली. व्हिडिओ गेमचा एक कन्सोल, घरच्या टीव्हीला जोडून चौघांनी मिळून खेळायचा, आता निम्म्या किमतीत. पाटीवरच्या चित्रात आई, बाप, मुलगी आणि आजी एकाच सोफ्यावर बसून दात दाखवत होते. कोटेशनराव त्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की दुकानदाराने त्यांना आत बोलावून पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याचा सल्ला घेतला. या सोबत्याला जगातल्या सगळ्या मोबाईलची, टीव्हीची आणि त्यांच्या कंपन्यांची माहिती होती, फक्त स्वतःची फाईल कुठे आहे ते माहीत नसे.

"घेऊ नका," सोबती म्हणाला. "तो कन्सोल चालला नाही. कंपनी गटांगळ्या खातेय."

"निम्म्या किमतीत मिळतोय."

"आज निम्म्या. पुढच्या महिन्यात त्याच्याही निम्म्या. थांबा जरा."

"किती थांबू?"

"ते कंपनी किती लवकर बुडते त्यावर आहे."

झालं. कोटेशनरावांच्या डोक्यात भुंगा शिरला. आज घ्यावा आणि उद्या भाव पडावा, तर खरेदी विभागात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. थांबावं, तर रोज रात्री तो रिकामा सोफा. दोन दिवस जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी एक फाईल चाळताना मात्र त्यांचा चेहरा एकदम उजळला. मोठ्या खरेदीच्या करारात त्यांचं ऑफिस एक अट घालत असे, 'फॉल क्लॉज' नावाची. अर्थ सोपा: माल घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत त्याचा भाव पडला, तर विकणाऱ्याने फरक परत करायचा.

संध्याकाळी त्यांनी दुकानदाराला ही अट ऐकवली.

"हा कन्सोल आहे साहेब, पूल बांधायचं कंत्राट नाही," दुकानदार म्हणाला.

"वर्षभरात भाव पडला तर फरक परत. बिलामागे लिहून द्या."

"पैसे परत करायची आमच्याकडे पद्धत नाही."

"मग मालाच्या रूपात द्या. माझं काही म्हणणं नाही."

दुकान बंद करायची वेळ होत आली तरी गिऱ्हाईक हलेना, तेव्हा दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने बिलामागे लिहून दिलं. कोटेशनराव कन्सोल बगलेत मारून लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

घरी स्वागत बेताचंच झालं. "याचं तिसरं कोटेशन कुठून आणलंत?" एवढं विचारून सासूबाई आपल्या टीव्हीकडे वळल्या. पण कन्सोलसोबत एक गेम आला होता. त्यात एक जहाज वादळातून न्यायचं असतं: एकाने सुकाणू धरायचं, एकाने शिडं ओढायची, एकाने टेहळणी करायची आणि एकाने आत शिरलेलं पाणी बादलीने बाहेर उपसायचं. मुलगी पहिल्यांदा 'जरा बघते' म्हणून बसली ती उठेचना. बायको तिला उठवायला आली आणि शिडं ओढायला बसली. दोघींनी मिळून जहाज तीनदा खडकावर घातलं, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, "डावीकडची लाईन मोकळी आहे, तिकडून घ्या." सासूबाई दारात उभ्या होत्या. टीव्ही तसाच चालू टाकून आल्या होत्या.

अडचण एकच होती. खेळायची रिमोटं दोनच, आणि माणसं चार. आठवडाभर घरात रिमोटवरून अशी जुंपली की वरच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करायला खाली आल्या. 'काय चाललंय तरी काय' असं विचारत त्या सोफ्याच्या हातावर टेकल्या आणि त्या दिवसापासून रोज येऊन टेकू लागल्या.

मग पहिल्यांदा भाव पडला. कोटेशनराव बिल फडफडवत दुकानात गेले आणि तिसरं रिमोट घेऊन आले. पुढे पुन्हा भाव पडला, चौथं रिमोट आलं. आता जेवण होताच सगळी सोफ्यावर ओळीने बसायची. सासूबाई सुकाणूवर, कारण त्यांना उठवण्याची कुणाची छाती नव्हती. बायको शिडांवर, मुलगी टेहळणीवर आणि कोटेशनराव बादलीवर. (बादली दुसऱ्या कुणी मागितलीच नव्हती.) "कोटेशनराव, पाणी घोट्यापर्यंत आलंय, विचार कसला करताय?" सासूबाई ओरडायच्या, आणि कोटेशनराव अंगठा दुखेपर्यंत पाणी उपसायचे. मांडीला मांडी लागलेली, मुलीचं कोपर बरगडीत, बायको हसून हसून त्यांच्याच खांद्यावर कलंडतेय. इतकं सुख त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं, आणि तेही पडत्या भावात.

फक्त ते भाव पडण्याची वाट बघायचं सोडू शकत नव्हते. सवयच ती. सकाळी पेपर उघडला की आधी त्या कंपनीची बातमी शोधायचे. कंपनीला तोटा झाला की त्यांना चहा गोड लागायचा. एकदा बायकोने त्यांना पेपरमागे गालात हसताना पकडलं.

"काय छापून आलंय एवढं?"

"काही नाही. आपल्या कन्सोलच्या कंपनीचं अर्धं ऑफिस बंद झालं."

"आणि तुम्ही हसताय?"

"अगं, भाव पडणार. फरक मिळेल."

"बाबा," मुलगी म्हणाली, "कंपनी बंद पडली तर आपल्या जहाजाचं काय?"

"आपल्याच जहाजाला भोकं पाडतोय हा माणूस," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि बादलीही त्याच्याच हातात."

कोटेशनराव खजील झाले. पण तोवर उशीर झाला होता. पंधरवड्यात बातमी आली: कंपनीने तो कन्सोल बनवणं कायमचं थांबवलं. ती वाचून या वेळी कोटेशनरावांना गालात हसू आलं नाही. यंत्र उद्या बिघडलं तर? सुटे भाग कुठून आणायचे? पुन्हा चार जण चार दिशांना जाणार? त्या दिवशी ऑफिसात त्यांनी सलाईनच्या बाटल्यांचे दोनच दर मागवले. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

खरेदी विभागात अशा वेळचा उपाय ठरलेला असतो: ज्या यंत्राचे भाग पुढे मिळणार नाहीत, त्याचं अख्खं दुसरं यंत्र राखीव घेऊन ठेवायचं. कोटेशनराव अर्धी रजा टाकून दुकानात धावले. तिथे नवी पाटी लागली होती. उरलेला माल खपवायला दुकानदाराने जाहीर केलं होतं, 'इस्त्री घ्या, कन्सोल फुकट मिळवा.'

कोटेशनरावांनी बिल काढलं. "आज कन्सोलची किंमत काय?"

"फुकट," दुकानदार म्हणाला, आणि बिल बघून त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे माझे सगळे पैसे फरकात आले."

"त्यातून दोन रिमोटं गेली."

"गेली. उरलेल्याचं काय देता?"

"इस्त्री घ्या. तिच्यावर कन्सोल फुकट आहे."

"पण ही इस्त्री एवढी महाग कशी?"

"तिच्यावर कन्सोल फुकट आहे ना साहेब."

तासभर घासाघीस झाली. शेवटी असं निघालं की कोटेशनरावांचा उरलेला फरक इस्त्रीच्या किमतीला थोडासा कमी पडतोय. ती थोडी भर त्यांनी आनंदाने घातली. दुकानदाराने बिलामागचं लिखाण खोडून टाकलं, आणि दोघांनाही आपणच दुसऱ्याला गुंडाळलं असं वाटून दोघांनी मनापासून हात मिळवले.

घरी आल्यावर कोटेशनरावांनी राखीव यंत्र टेबलावर ठेवलं आणि छाती फुगवून म्हणाले, "आता पहिलं बिघडलं तरी काळजी नाही. रोज रात्री आपण सगळे इथेच, असे."

"दुसरं आणलंत?" मुलगी उडालीच. "बाबा, दोन असले की दोन जहाजांची शर्यत लावता येते. एका जहाजावर दोघं."

"हे राखीव आहे," कोटेशनराव म्हणाले. "कपाटात ठेवायचंय."

"कपाटात ठेवून ते काय अंडी घालणार आहे?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या खोलीत टीव्ही आहे. जोडा तिकडे."

कोटेशनरावांनीच जोडलं. (घरात तारा जोडणं त्यांच्याकडेच होतं.) शर्यत ठरली. हॉलमध्ये बायको आणि मुलीचं जहाज, आतल्या खोलीत सासूबाईंचं. सासूबाईंच्या जहाजावर दुसरं कोण, हा प्रश्न आला तेव्हा कोटेशनराव आपलं रिमोट उचलून उठले.

"तुम्ही नको," सासूबाई म्हणाल्या. "शर्यतीच्या जहाजात पाणी शिरत नाही. काकू, तुम्ही या आत."

सोफ्याच्या हातावर महिनोन्महिने टेकलेल्या काकू इतक्या झपाट्याने उठल्या की त्यांचे गुडघे दुखतात यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नाही. आतलं दार लागलं, कारण डावपेच बाहेर फुटायला नकोत. बायकोने हॉलचं दारही लोटून घेतलं. "अहो, तुम्ही आत-बाहेर केलंत की त्यांना आमचं ऐकू जातं. जरा पॅसेजमध्ये थांबा ना."

कोटेशनराव दोन बंद दारांच्या मधे उभे राहिले. एकीकडून बायकोचं आणि मुलीचं खिदळणं, दुसरीकडून 'लाईन मोकळी आहे, सोडा' असा सासूबाईंचा हुकूम. घर कधी नव्हे इतकं गजबजलेलं होतं. त्यांना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण हसणारी माणसं आपलीच आहेत, आणि पलीकडे फक्त एक दार आहे, हेही त्यांना कळत होतं. रिकामं उभं राहायचं कसं, म्हणून त्यांनी छोटं टेबल ओढलं, त्यावर चादर घातली, नवी इस्त्री तापत ठेवली आणि उद्याचा शर्ट घेतला. पहिला शर्ट झाल्यावर दुसरा घेतला. तेवढ्यात हॉलचं दार फटीएवढं उघडलं, मुलीचा गणवेश बाहेर आला आणि दार बंद झालं. पाठोपाठ आतलं दार उघडलं आणि उशीचे चार अभ्रे आले. दोन त्यांच्या घरातले होते, दोन काकूंनी मधेच वर जाऊन आणलेले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातला सोबती खुर्ची सरकवून जवळ आला. दुसऱ्याला थांबायला सांगणाऱ्या या गृहस्थाचाच आता धीर सुटला होता.

"चौकातल्या दुकानात तो कन्सोल अजून आहे म्हणे, इस्त्रीवर फुकट. आता घ्यावा म्हणतो. तुमच्याकडे इतके महिने आहे, खरं सांगा, कसा आहे?"

कोटेशनरावांनी आपल्या शर्टाची बाही हाताने उगाच सरळ केली. कडक घडी होती.

"कन्सोलचं घरच्यांना विचारून सांगतो," ते म्हणाले. "इस्त्री मात्र डोळे मिटून घ्या."