हिरवा ठिपका आणि वानखेडे सिस्टर

“अहो इंजिनियर! तुमचा हिरवा ठिपका इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पळाला!”

तिसऱ्या मजल्यावरून वानखेडे सिस्टरांनी ही आरोळी ठोकली आणि सदाशिव पेठेतलं ते अख्खं हॉस्पिटल हादरलं. तिकडे बिबवेवाडीत कुणाचं तरी तापत ठेवलेलं दूध फाटलं, असंही मी ऐकून आहे.

हिरवा ठिपका म्हणजे खाट नंबर बाराचे लेले आजोबा. पेशंटच्या मनगटाला वायरलेस टॅगचा पट्टा बांधायचा, की तो कुठे आहे ते स्क्रीनवर ठिपक्याने दिसतं. ही आमच्या कंपनीची करामत.

सिस्टर मूळच्या यवतमाळच्या. यंत्रावर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. “माणूस काय पार्सल आहे काय, चिठ्ठी लावायला?” खुद्द त्यांच्या अंगात असलं यंत्र जन्मतःच बसवलेलं! स्लिपरच्या आवाजावरून डॉक्टरांचं नाव, खोकल्यावरून खाटेचा नंबर. चौथ्या मजल्यावर कुणी चोरून जिलबी खाल्ली, तर तळमजल्यावर ह्यांना ठसका. एकदा लिफ्टचं दार उघडायच्या आत त्यांनी आतल्या सहा जणांना नावानिशी झापलं. सातवा चुकून आत शिरलेला फळवाला होता. तोही ‘सॉरी सिस्टर’ म्हणाला.

मी लॅपटॉप घेऊन धावलो. “सिस्टर, स्क्रीनवर आजोबा खाटेवरच आहेत.”

“असं? मग उठवा त्यांना.”

खाटेवर उशी होती आणि उशीवर नीट घडी घालून ठेवलेला पट्टा. इंजेक्शन देऊन वीस मिनिटं झालेली, ताटाला हात लावलेला नाही.

“साखर उतरली तर कुठंतरी कोसळतील हो,” सिस्टर हळूच म्हणाल्या. त्या हळू बोलल्या, तेव्हा मात्र सगळ्यांचीच तंतरली. वॉचमन गच्चीवर पळाले. मी स्क्रीन चार वेळा रिफ्रेश केला. ठिपका तितकाच हिरवा.

सिस्टरांनी मूठभर साखर उचलली आणि तडक जिना उतरल्या. मागे दोन डॉक्टर, त्यांच्या मागे लॅपटॉपसकट मी.

गेटपाशी, भेटायला येणाऱ्यांच्या बाकावर लेले आजोबा! घामाने निथळलेले, हात थरथरताहेत. सिस्टरांनी साखर तोंडात कोंबली. दहा मिनिटांत आजोबांना भांडण्याइतकी तरतरी आली.

“पट्टा मीच ठेवलाय खाटेवर. एसटीत रुमाल टाकतो तसा. तेवढ्यात खाट दुसऱ्याला द्याल, तुमचा काय भरवसा?”

मग काय! टाळ्या, शिट्ट्या! मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले, ॲम्ब्युलन्सवाल्याने भोंगा वाजवला. नगरसेवक निवडून आल्यासारखी वरात निघाली. व्हीलचेअरवर आजोबा, मागे सिस्टर. गुलाल तेवढा राहिला.

मी मागून विचारलं, “पण सिस्टर, तुम्ही थेट गेटवरच कशा गेलात?”

“सहाला ड्यूटी संपली की रोज मीच भेटायला जाते त्यांना. दुसरं कोणी येत नाही, मग वाट बघायला गेटवरच जाणार ना. आज सहा ते सात तुम्ही मला ह्या पट्ट्याच्या ट्रेनिंगला बसवलं.”