चाकाखालचा दगड

मुलीच्या घरी आलेल्या आईबापांना चौथ्या दिवशी काय दाखवावं, हा प्रश्न सुकन्यालाही पडला होता. राहात्यातलं नवं घर दाखवून झालं, शिर्डीला जाऊन झालं, वॉशिंग मशीन तर रिकामंसुद्धा चालवून दाखवलं. शेवटी कामावर निघताना ती म्हणाली, "आबा, त्या बंद पडलेल्या जुन्या कारखान्यात म्युझियम झालंय. ऊस ओढायचं वाफेचं इंजिन ठेवलंय तिथं. तुम्ही दोघं जाऊन या."

आसारामने चहाचा कप खाली ठेवला. कडूबाईने नवऱ्याकडे नुसतं बघितलं, आणि जुनं प्रकरण निघणार हे त्याला कळलं.

प्रकरण असं होतं. लग्न झालं त्याच वर्षी ही जोडी जामखेडकडून ह्या भागात ऊसतोडीला आली होती. तोडलेल्या उसाच्या मोळ्या उघड्या डब्यांत भरायच्या, आणि एक बुटकं काळं इंजिन फुसफुसत येऊन ते डबे कारखान्यात न्यायचं. नव्या नवरीला त्या डब्यात बसून कारखान्यापर्यंत जायची हौस होती. आसाराम म्हणाला होता, "पुढल्या शिजनला बसवतो." पुढल्या शिजनला येऊन बघतात तर रूळ उखडलेले आणि उसाला ट्रक लागलेले.

झालं. तेव्हापासून घरात काहीही राहून गेलं की कडूबाई म्हणायची, "करा की पुढल्या शिजनला." मीठ आणायचं विसरलं, पुढल्या शिजनला. न्हाणीचं दार बसवायचं राहिलं, पुढल्या शिजनला. एकदा तर जावयासमोर म्हणाली, आणि जावई बिचारा कॅलेंडर बघायला लागला. आसारामने जन्मात कितीतरी शब्द पाळले असतील, पण पाळलेले शब्द बायकोच्या लक्षात राहतात होय?

"चल," पायात चप्पल सरकवत तो म्हणाला. "आज बसवतोच तुला."

म्युझियम म्हणजे कारखान्याचं जुनं आवार. कडुलिंबाच्या झाडाखाली रंग दिलेलं इंजिन उभं होतं आणि त्याच्या मागे, थोडं अंतर सोडून, डब्याच्या उंचीच्या दगडी धक्क्याला लागून उसाचा एक डबा. डब्याच्या चाकाखाली मुठीएवढा दगड लावलेला. तिथून रूळ मागच्या बाजूला हलक्या उतारावरून जुन्या वजनकाट्यापर्यंत गेले होते आणि तिथे मातीच्या ढिगाऱ्यात संपले होते.

गोरक्ष नावाचा रखवालदार मोठ्या हौसेने सगळं सांगत होता. "चाकांना दर आठवड्याला तेल पाजतो मी. चालायचं नसलं म्हनून काय झालं, गंजायला नको."

"ह्या डब्यात हिला जरा बसवू का?" आसारामने विचारलं.

"न्हाई हां आजोबा. बसायला मनाई हाय."

"अरं, शब्द दिल्याला हाय मी."

"तुमी दिला आसंल. मॅडमनी न्हाई दिल्याला."

आसारामने विनवून पाहिलं, मोठ्या आवाजात सांगून पाहिलं, आपण ह्याच डब्यात किती ऊस भरला तेही सांगून पाहिलं. गोरक्ष काही बधला नाही. तेवढ्यात कडूबाई शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुढल्या शिजनला बसू."

हे मात्र आसारामला लागलं. तो गुमान इंजिनाच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि भलामोठा दिवा बघू लागला. दिव्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्याला फक्त बायकोला तोंड दाखवायचं नव्हतं. ह्या वयातही जमू नये म्हणजे काय, ह्याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. इतक्यात फाटकाशी शाळेची बस आली आणि गोरक्ष तिकडे पळाला.

थोड्या वेळाने मागून कुरकुर ऐकू आली. आसाराम वळून बघतो तर डबा निघालेला आणि डब्यात कडूबाई, एका बाजूला सरकून, मांडीवर पिशवी घेऊन, लग्नाच्या फोटोत बसल्यासारखी ताठ.

"अगं, उतर की."

"चालत्या गाडीतून?" कडूबाई म्हणाली. "माझा गुडघा कोन देनार?"

आसाराम धावला. डबा बैलाच्या चालीने चालला होता, पण आसारामची चालही आता बैलाची राहिली नव्हती. त्याने डब्याची कड धरली तेव्हा एक चप्पल मागे राहिली, आणि पुढे ओढला गेला तशी दुसरी. फाटकापाशी गोरक्षने हे बघितलं आणि खिशातली शिट्टी काढून जीव खाऊन वाजवली. पोरांना वाटलं, गाडी सुटल्याची शिट्टी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कडूबाईला काय करावं कळेना, म्हणून तिने हात हलवला. त्यावर पोरांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

डबा वजनकाट्यापाशी गेला, मातीच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून थांबला. कडूबाई जराशी पुढे झुकली आणि परत सरळ बसली. "आला का कारखाना?" तिने विचारलं. आसारामला दम लागला होता, त्याने नुसती मान हलवली.

तोवर ऑफिसातून म्युझियमच्या प्रमुख मोनिका मॅडम धावत आल्या. त्यांच्यामागे गोरक्ष, गोरक्षच्या मागे शाळेचे अंगद सर आणि सरांच्या मागे अख्खा वर्ग.

"मॅडम, ह्या फेरीचं तिकीट वेगळं आहे का?" सरांनी विचारलं.

"फेरी नाहीच आमच्याकडे."

"मग आजी कशा बसल्या?" एका मुलीने विचारलं. तिच्यामागे पोरांनी आपण होऊन रांगसुद्धा लावली होती. मॅडमनी एकदा त्या रांगेकडे बघितलं.

मग त्या आसारामकडे वळल्या. "आजोबा, चाकाखालचा दगड कोणी काढला? तुम्ही की आजींनी?"

आसारामने आपल्या हातांकडे बघितलं. सारा जन्म बैलगाडीमागे गेलेला. गाडी थांबली की चाकाखाली दगड, माणूस वर बसलं की दगड काढायचा, हे त्याचे हात त्याला न विचारता करत आले होते. एकदा दवाखान्यात त्याने व्हीलचेअरखाली चप्पल लावली होती. बायकोला बसवायचं डोक्यात होतं, हातांनी आपलं काम उरकलं असणार. दुसरं कोण काढणार?

"मीच काढला आसंल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"हाताची सवय हाय, मॅडम. आन् तिला काय इचारता? ऊसतोडीला मुकादम आमाला दोघांना मिळून एकच कोयता धरायचा, दोघांचा हिशोब एकच. काय बोलायचं ते मला बोला. गोरक्षला बोलू नका, त्यानं लई नको म्हनलं हुतं."

अनवाणी उभ्या म्हाताऱ्याला काय बोलायचं? मॅडमनी दोन शब्द सुनावले, ते सुनावताना आवाज हवा तेवढा चढला नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. "बरं, आधी आजींना उतरवा."

इथे खरी पंचाईत झाली. काट्यापाशी धक्का नव्हता. डबा कमरेएवढा उंच, आणि कडूबाईचा गुडघा उंचावरून खाली यायला तयार नव्हता. गोरक्षने ऑफिसातली खुर्ची आणली, ती मऊ मातीत कलली. आसाराम म्हणाला, मी उचलून घेतो. कडूबाई म्हणाली, "मग तुमाला कोन उचलंल?"

शेवटी एकच मार्ग उरला. उतरायला धक्का पाहिजे, धक्का चढावर, म्हणजे आजींसकट डबा वर ढकलायचा. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि तोच हात मग डब्याला लावला. सर, गोरक्ष, आसाराम आणि सगळी पोरं लागली. पोरांनी तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. कडूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि येतानाचा रस्ताही डोळे भरून बघितला.

धक्क्याला लागल्यावर गोरक्ष दगड शोधू लागला. दगड कुठे सापडेना. शेवटी त्याने एक वीट आणून लावली आणि बराच वेळ पुटपुटत राहिला.

राहात्याला परतताना आसाराम रिक्षात अनवाणीच बसला होता. चपला हातातच होत्या, एकीचा पट्टा तुटला होता. "ह्या हाताला आता बांधूनच ठिवतो," तो म्हणाला. "तुला काय झालं आसतं म्हंजे?"

कडूबाईने मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून दगड काढून त्याच्या हातात ठेवला.

आसारामने दगड उलटासुलटा करून बघितला. "तू काढला व्हय?"

"मग काय तुमच्या भरवशावर बसू?"

"आन् एवढा समद्यांसमोर मी बोलनी खाल्ली, तवा सांगायचं न्हाई?"

"सांगनार हुते," कडूबाई म्हणाली. "पन तुमी लई चांगलं बोलत हुता." मग बाहेर बघत हळूच म्हणाली, "आन् मला काय एकटीला जायचं नव्हतं. दगड काढला, वर जाऊन बसले, तुमच्यासाठी सरकून जागा ठिवली. वाटलं, मागं बघाल आन् याल. तुमी त्या दिव्यात तोंड घालून उबं. तेवढ्यात मेला डबाच निघाला."

आपण डब्याची कड धरून धावत होतो तेव्हा ती डब्यात एका बाजूला का बसली होती, हे आसारामला आत्ता कळलं. त्याने दगड उपरण्याने पुसला.

"हा परत द्यायला जावं लागंल," तो म्हणाला.

"जाऊ की."

"जाऊ. पुढल्या..." तो बोलता बोलता थांबला. कडूबाई त्याच्याकडेच बघत होती.

"उद्या," आसाराम म्हणाला. "सकाळी चहा झाला की लगीच."