थिजलेलं तेल आणि वीस मिनिटं

ज्ञान झालेल्या माणसाचं पहिलं कर्तव्य ते दुसऱ्याला सांगणं हे असतं. स्वतः वापरायचं की नाही, ते नंतर बघता येतं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळरानावर गुरं पाळणारा ओरेस्ट बाबियुक हे कर्तव्य गेली सत्तावीस वर्षं (रविवार वगळून) सकाळी ठीक नऊला गावातल्या कॉफीच्या टेबलावर पार पाडत होता.

विषय एकच. कडाक्याच्या थंडीत ट्रॅक्टरच्या, ओझं उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचं तेल तुपासारखं थिजतं. रात्रभर हीटर लावला की इंजिन चटकन सुरू होतं, पण ऊब मिळते ती इंजिनाला, या तेलाला नाही. सबब, सुरू केल्यावर वीस मिनिटं लिव्हरला हात लावू नये. तेल ओढता आलं नाही की पंप आधी किंचाळतो, मग मरतो. (किंचाळण्याची नक्कल ओरेस्ट इतकी हुबेहूब करी, की कॉफी देणारी बाई कान झाकून घेई.)

जानेवारीत एके सकाळी पारा उणे एकेचाळीसवर उतरला. व्याख्यानाला असा मुहूर्त वर्षातून एकदाच लाभतो, आणि शेजारचा वॉल्टर आधी पोचून बोलायला लागला तर? इकडे साठ गाई चाऱ्यासाठी हंबरत होत्या. पावणेनऊ झाले होते. ओरेस्टनं ट्रॅक्टर सुरू केला, अर्धं मिनिट थांबला (पुढे सांगताना याचं 'जवळजवळ वीस' झालं) आणि गवताचा गठ्ठा उचलायला लिव्हर ओढली.

पंप किंचाळला. सत्तावीस वर्षांची नक्कल अचूक होती, एवढं सिद्ध झालं. मग तो मेला.

बायको लेस्या दारात आली. "वीस मिनिटं थांबायचं होतंस ना रे?"

"थांबलो असतो, तर तेच सांगायला उशीर झाला असता."

"मग गाईंना आता भाषण घालू का?"

ओरेस्टला मनापासून लाज वाटली. असल्या थंडीत उपाशी जनावर तग धरत नाही. मानापमान गिळून त्यानं वॉल्टरला फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

"आलो असतो रे," वॉल्टर म्हणाला, "पण माझाही पंप आत्ताच गेला. नऊच्या आत पोचायचं होतं."

मग नवरा-बायकोनं दुपारपर्यंत लांब दांड्याच्या काट्यानं गवत उपसलं आणि गाई जगवल्या.

पुढे चौकशीत असं आढळलं: टेबलावरची माणसं सात, नियम तोंडपाठ असलेली सात, पंप बदललेली सात. हे वाचताना ज्यांना ओळखीचा कुणीतरी आठवला आणि ही गोष्ट त्याला वाचायला द्यावीशी वाटली, त्यांनी आठवी खुर्ची ओढून बसावं.