हसुरामची बाय

आमच्याकडे हसुराम कोळी हा एकमेव माणूस असा, की ज्याच्या हातात घड्याळ नाही आणि जो कधी उशिरा येत नाही. जेवायला कधी बसायचं विचारलं तर म्हणतो, "सुकती लागली का बसायचा." मीटिंग किती वाजता? "अर्ध्या भरतीला." सुकती म्हणजे ओहोटी, हे मला साताऱ्याच्या बाईला महिनाभराने कळलं. तोवर मी डबा पुढ्यात ठेवून उपाशी बसायचे.

नेरूळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही उपग्रह बनवतो. हो, उपग्रहच. हे सांगितल्यावर माझ्या सासूबाईंनी "म्हणजे डिश अँटेना ना गं?" असं विचारलं होतं. आमचा उपग्रह पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याएवढा. वर जाऊन त्याने पृथ्वीचे फोटो काढायचे. पाणी कुठं, पीक कुठं, खारफुटी किती उरली, ते दाखवायचं. त्याच्या पोटातल्या वायरींच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने गाठी मारून बांधाव्या लागतात. शेजारच्या सारसोळे कोळीवाड्यातल्या हसुरामचा जन्म जाळी विणण्यात गेलेला. उपग्रह यंत्रावर चढवून तासभर हादरे दिले तरी त्याची गाठ हलली नाही, तेव्हा पोरं कौतुक करायला धावली. हसुराम वैतागला. "गाठ हाय ती. सुटली तं गाठ कसली?"

कॅमेरा बसवून त्याचे स्क्रूही त्यानेच आवळले.

उपग्रहाला तो 'बाय' म्हणायचा. बाय म्हणजे पोरगी. धूळ चालत नाही अशा त्या बंद खोलीत बोलायलाही मनाई, पण मास्कच्या आत याची कुजबुज चालूच. "जरा वल बाय. आता पाठ दाखव." एकदा प्रवीण, आमचा कॅमेऱ्याचा इंजिनियर, टेबलाला धडकला, तर हसुराम त्याच्यावर असा काही गुरगुरला, की पोरगं आठवडाभर चवड्यांवर चालत होतं. पाठवणीच्या दिवशी खोक्याच्या कोपऱ्यावर काजळाची तीट दिसली. गुणवत्ता तपासणी माझ्याकडे. मी विचारलं, "हसुदादा, हे मी कागदावर कुठे दाखवू?"

"लिवा ना, ताय. दृष्टीपासून संरक्षन."

बाय वर गेली. आम्ही सगळे गाळ्यात नाचलो. पुढे काही दिवसांनी नवी मुंबईचा पहिला फोटो आला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. ढगांनी शहर झाकलेलं, फक्त नेरूळच्या बाजूचा खाडीकाठ मोकळा होता. पण तो नकाशातल्या काठाशी जुळेना. पाणी काठापासून भलतंच दूर सरकलेलं, आणि अलीकडे एक काळपट पट्टा. प्रवीण म्हणाला, "कॅमेराच सरकलाय. उडताना स्क्रू ढिले झाले असणार." वर गेलेल्या वस्तूला पाना लावता येत नाही. कॅमेरा गेला तर बाय नुसतीच फिरत राहणार, आंधळी. मी अहवाल लिहायला घेतला: 'कॅमेरा सदोष'. कारण, 'बसवणीतील चूक'. त्यापुढे नाव येत होतं हसुरामचं, आणि मला ते लिहवेना.

त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण दोन दिवस त्याने डबा उघडला नाही, म्हणजे कळलं होतं. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. "फोटू दावा."

मी स्क्रीन फिरवली. हसुराम बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "कदी काडला?"

"सोमवारी. सकाळी साडेदहाला."

त्याने बोटांच्या पेरांवर हिशेब केला. "सोमवारी षष्ठी. तिथीचं पाऊनपट करा, सहाचं साडेचार. साडेचारला भरती. मंग साडेदहाला?"

"काय?"

"सुकती, ताय! पानी नाय जागेवर, तं बाय काय खोटा दाकवील? हा काला पट्टा चिखल हाय. चतुर्दशीला साडेदहाला परत काडा. भरलेली गावंल खाडी."

आमचा नकाशा भरतीच्या रेषेचा होता, हे आमच्यापैकी एकाही पदवीधराच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी अहवाल तिथेच थांबवला. चतुर्दशीला आभाळ मोकळं मिळालं. फोटोतलं पाणी नकाशाच्या रेषेला काठोकाठ लागलं होतं. शाळा, मैदानं, सारसोळ्याची जेट्टी, सगळं जागच्या जागी. गाळ्यात असा आरडाओरडा झाला, की शेजारचा बिस्किटवाला पेढे मागायला आला. मला या माणसाचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला मी पेढ्यांच्या निमित्ताने बाहेर गेले.

परत आले तर हसुराम प्रवीणच्या खुर्चीमागे अवघडून उभा. प्रवीण दहाव्यांदा माफी मागत होता.

"माजा काय नाय रं," हसुराम म्हणाला. "पन पोरीला नावं ठेवली तुमी. इथनं तिला सांगता येतं ना काय? फोटू काड, तोंड फिरव, तसा?"

"हो, संदेश जातो की."

"मंग तिला कलव, तिची चूक नव्हती. एकटी हाय ती तिथं. एकट्या मानसाच्या मनाला लागतं."

हसुरामची बायको जाऊन सात वर्षं झाली. मूल नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणीही कधी त्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

प्रवीणने कीबोर्ड पुढे ओढला. "काय लिहू, हसुदादा?"

"लिव," हसुराम म्हणाला. "बाय, तुजा बरोबर होता. आमीच पंचांग बगितला नाय."