पंपवाल्याची अंगाई

फरीदाबादच्या त्या सोसायटीत आठव्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि मयुराचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. मीटिंगमध्ये तिने तोंड उघडलं, की सेक्रेटरी खुरानाजी "बिल्कुल देखेंगे, मॅडम" म्हणत समोसा उचलायचे. संध्याकाळी सासूबाई राहायला यायच्या होत्या आणि घरात जेमतेम बादलीभर पाणी!

रविवारची टळटळीत दुपार. चिमुकल्या कादंबरीला थोपटताना म्हटलेली अंगाई मयुराने रेकॉर्ड केली. कामासाठी पुण्याला गेलेल्या श्रीरंगला लेकीची फार आठवण यायची. अंगाई चांगली लांबलचक झाली, कारण कादंबरी सहजासहजी झोपणाऱ्यातली नव्हे. मग स्वयंपाकघरात जाऊन सोसायटीच्या ग्रुपसाठी मयुरा फोनवर कडाडली, "शर्म नहीं आती? रोज़ बहाने! आज चार बजे पंप नहीं चला, तो देख लेना!" पेंगुळल्या डोळ्यांनी तिने दोन्ही मेसेज धाडले आणि जरा आडवी झाली.

थोड्याच वेळात श्रीरंगचा फोन. "चुकलं गं माझं! पण कुठला पंप?"

"अगं बाई! मग ग्रुपवर काय गेलं?"

मयुरा धावत खाली आली आणि थबकलीच. खिडक्याखिडक्यांतून तिचीच अंगाई हलकेच झरत होती. गेटवरचा गार्ड डुलत होता, त्याच्या पायाशी कुत्रं पसरलं होतं. कडुनिंबाखाली खुरानाजी तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. वाळत घातलेल्या साड्यासुद्धा पेंगल्यासारख्या हलत होत्या. किती छान वाटत होतं! तिलाही तिथेच बाकावर कलंडावंसं वाटलं.

पण चार वाजत आले होते आणि पंपवाला फोन छातीवर ठेवून घोरत होता.

"भैया! ओ भैया!"

तो गोड हसला आणि कूस बदलून झोपला.

श्रीरंग अजून फोनवरच होता. "श्री, तो मेसेज ग्रुपवर टाक ना यार, लवकर!"

श्रीरंगने टाकला. अंगाई संपली आणि पाठोपाठ फोन आपोआप गरजला, "शर्म नहीं आती?" पंपवाला ताडकन उठला. खुरानाजी खुर्चीसकट उलटले. पंप घरघरला आणि आठव्या मजल्यावरचे नळ वाहू लागले.

संध्याकाळी खुरानाजी दारात हजर. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मयुराने पदर खोचला. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, बरसों बाद दोपहर में नींद आई. रोज़ भेजा कीजिए. और बाद में वो डाँटनेवाला भी, वरना पंप कौन चलाएगा?"

मयुरा खुदकन हसली. चला, एकदाचा आपला आवाज पोचला!

तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या. "आई, ते रागावणं परत म्हण ना!"

अख्खी सोसायटी झोपली होती. कादंबरी तेवढी दुपारभर टक्क जागी होती.