दगडोबा अस्वलाचे ब्याऐंशी टक्के

मुलांनो, सरळ बसा, नाकातलं बोट काढा आणि ऐका. एका जंगलात, आपल्या नव्हे हं, आपल्याकडे सगळे शहाणेच आहेत, एक करकोचा डॉक्टर राहायला आला.

त्याच्याकडे वीस प्रश्नांचा तक्ता होता. तंबाखू खाता का? सुपारी किती? दारू? पालेभाजी शेवटची कधी खाल्ली? चालता, की नुसते लोळता? उत्तरं ऐकून तो आकडेमोड करायचा आणि पुढेमागे कॅन्सर होण्याचा धोका किती टक्के, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचा.

झालं! टक्के म्हटल्यावर जंगलाला एकच कळलं, निकाल लागला. घुबड मास्तरांची हयात पेपर तपासण्यात गेलेली. त्यांनी जाहीर केलं, पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास. करकोचा घसा फोडून सांगत होता, बाबांनो, जितके कमी तितकं बरं. पण कमी मार्क चांगले म्हणणाऱ्या डॉक्टरच्या डिग्रीवरच सगळ्यांना संशय आला.

सशाच्या पोरीला चार टक्के पडले. बापाने तिला अख्ख्या आळीसमोर झापलं. गाजर खातेस, पळतेस, लवकर झोपतेस, मग मार्क काय आभाळातून पडणार? दुसऱ्या दिवसापासून तिला रानडुकराकडे तंबाखू मळायच्या शिकवणीला घातलं. रानडुकराला एक्क्याऐंशी होते ना.

आणि पहिला कोण? दगडोबा अस्वल. ब्याऐंशी टक्के! गड्याने उभ्या जन्मात गुटखा सोडला नव्हता, पालेभाजीला शिवला नव्हता, आणि व्यायाम म्हणाल तर कूस बदलायचा. वडाखाली मांडव घातला. शाल आली, नारळ आला, पेढे आले, मोर नाचून गेला.

मास्तरांनी पेढा पुढे केला. दगडोबाने आ केला. पेढा जाईना. अर्धा करून पाहिला, तरी जाईना. तोंड दोन बोटांच्या वर उघडतच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला येऊनही पेढ्याची हाव नाही, केवढा हा विनय, म्हणाले.

त्याची बायको सगुणाबाई मात्र टाळी वाजवेना. महिनाभर ती बघत होती. घरी भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची, आमटीत जरा मिरची पडली की याच्या डोळ्यांना पाणी. आज तिला खरंच भीती वाटली. ती स्टेजवर चढली, नवऱ्याचा कान धरला आणि थेट करकोच्याकडे घेऊन गेली.

करकोच्याने लांब चोच आत घालून पाहिलं. गालात पांढरा चट्टा होता. अजून वेळ गेलेली नाही, तो म्हणाला, पण गुटखा आजच सुटला पाहिजे, औषध घ्यायचं, दर महिन्याला तोंड दाखवायचं.

दगडोबा कळवळला. "अहो, माझा पहिला नंबर जाईल."

"नंबर जाऊ दे," सगुणाबाई म्हणाली. "तुम्ही राहा."

सोडला. कसा सोडला ते विचारू नका. पंधरा दिवस तो झाडाच्या साली चावत होता आणि दिसेल त्याच्यावर डाफरत होता. मग पालेभाजी खाल्ली, तीही शेपूची. रोज टेकडी चढला. वर्षाने पुन्हा तक्ता भरला, तर अठ्ठावीस टक्के.

नापास! सारं जंगल हळहळलं. जो तो घरी येऊन सांगे, खचू नका, होतं असं एखाद्या वर्षी. घुबड मास्तर तर ओसरीवर बसून रडले. एवढा हुशार गडी वाया गेला, म्हणाले. दगडोबा भाकरीचे मोठाले घास घेत सगळं ऐकत होता.

त्या वर्षी रानडुक्कर पहिला आला, ब्याण्णव टक्के. सत्कार जंगी झाला. शाल तेवढी त्याच्या बायकोने घेतली, कारण सत्काराच्या दिवसापर्यंत तो काही उरला नाही.

तात्पर्य : मुलांनो, अभ्यासात सातत्य हवं. ज्याने ते ठेवलं, त्याचा फोटो आज शाळेत हार घालून लावला आहे. ज्याने सोडलं, तो बिचारा अजून जिवंत आहे.