नानांचे तीन प्रश्न

आमच्या आळीत कुणाला डॉक्टरांनी शर्ट वर करायला सांगितलं, की नानांना बोलावणं जायचं. गेलं नाही तरी नाना यायचेच. रोग्याच्या स्टुलावर स्वतः बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि डॉक्टरांची तपासणी सुरू करायचे. रोगी बिचारा उभा.

नाना काही वैद्यकी शिकले नव्हते. भडगावकडचे हे गृहस्थ तीस वर्षं जळगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गाड्यांमधला कापूस तपासत. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळाची मूठ बाहेर काढायची आणि ओला माल पकडून द्यायचा. गाडीवाल्याचं तोंड उतरलं की नानांचा दिवस चांगला जायचा. साठच्या दशकात ते निवृत्त झाले. गाड्या संपल्या, पण गावात डॉक्टर शिल्लक होते.

"वरवरनं नका सांगू, डॉक्टर. तळनं काढा," असं म्हणून ते तीन प्रश्न टाकत. "करं तं काय व्हई? नही करं तं काय व्हई? अन तुमनी माय ऱ्हाती तं काय करतात?"

शेजारच्या मारवाडी शेठजींना पडसं झालं. सुई टोचून न घेता दवाखान्यातून परतणं त्यांना कमीपणाचं वाटे. नाना सोबत होतेच.

"सुई टोची तं?"

"चार दिवसांत बरं वाटेल."

"नही टोची तं?"

डॉक्टर प्रामाणिक निघाले. म्हणाले, "चार दिवसांत."

शेठजी सुईविना घरी आले. पाचव्या दिवशी खडखडीत बरे झाले, पण पुढे महिनाभर नानांशी बोलले नाहीत.

माझ्या हर्नियाच्या वेळी तर या उपकारकर्त्याने कमालच केली. प्रश्न डॉक्टरांना, पण आवाज असा की बाहेर बसलेल्या बायकांनाही माझा हर्निया नेमका कुठे आहे ते कळलं. मी शाळामास्तर. दुसऱ्या दिवशी आख्खी सातवी माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होती. नाना शंभर वर्षं जगोत, फक्त दुसऱ्या आळीत, अशी मी मनोमन प्रार्थना केली. ऑपरेशन कधी करायचं आणि नंतर किती दिवस वजन उचलायचं नाही, हे मात्र मला त्यांच्यामुळेच नीट कळलं, हेही कबूल करतो. आनंदाने नाही.

एका सकाळी नाना दारात आले. "मास्तर, धुळ्याले येतस का? अक्काले दखाडनं शे." अक्का म्हणजे त्यांची बायको. तिच्या छातीत गाठ होती. लाजेने तिने ती वर्षभर लपवली होती.

धुळ्याच्या सर्जननी अक्काला तपासलं आणि ते बोलू लागले. नाना या वेळी स्टुलावर बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे होते, टोपी दोन्ही हातांत चुरगळत. मी वाट पाहिली. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "तुम्हीच इचारा, मास्तर. मना गळा बसना."

मग त्यांचेच प्रश्न मी विचारले. सर्जननी तळापासून सांगितलं. गाठ काखेपर्यंत गेलेली. ऑपरेशन आणि नंतर मुंबईला किरणांचा शेक घेतला तर काही काळ जास्त मिळेल, कदाचित मिळणारही नाही. काहीच केलं नाही तर दुखणं वाढत जाईल. स्वतःची आई असती तर काय केलं असतं, यावर ते म्हणाले, "आईला विचारलं असतं."

तोवर नाना बोलून गेले होते, "करी टाका. बठ्ठं करा."

"माले कोनी इचारं का?" अक्का म्हणाली.

आख्ख्या आळीच्या वतीने विचारणाऱ्या माणसाने हा एक प्रश्न कधीच विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता. सर्जननी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"ऑपरेशन करं तं मना हात वर जाई का? आखाजीले पोर येस. मांडा कराना शेतस."

आमच्याकडचे मांडे लाटत नाहीत. दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि मग खापरावर टाकतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात. ती तीन महिन्यांवर होती.

"तोवर हात तितका उचलेल असं वाटत नाही," सर्जन म्हणाले. "पण थांबलात, तर नंतर ऑपरेशन कदाचित करताही येणार नाही."

"समजनं माले. तरी आखाजी व्हऊ द्या."

नानांचे डोळे भरून आले होते. तिच्याशी वाद घालावा असं त्यांना फार वाटत होतं, ते दिसत होतं. पण त्यांनी चुरगळलेली टोपी डोक्यावर घातली.

परतीच्या एसटीत मी आणि नाना एका बाकावर बसलो. अक्काला पुढे बायकांच्या बाकावर बसवायची त्यांची रीतच होती. चाळीस वर्षांत ती दोघं शेजारी बसून कुठे गेली नव्हती. अक्का सवयीने पुढे निघाली, तेव्हा नाना उठून उभे राहिले.

"तुले कोठे बठनं शे?"

अक्काने सगळी बस नजरेखालून घातली. तिने वेळ घेतला. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, तरी तिने घाई केली नाही. मग माझ्या जागेकडे बोट केलं.

"आठे. तुमना जवळ."

मी उठलो. बस भरलेली होती, त्यामुळे जळगावपर्यंत उभाच राहिलो. नानांमुळे झालेल्या त्रासांपैकी एवढ्या एकाबद्दल माझी तक्रार नाही.